ठसे बांधावर, कार्ड मात्र रिकामं: वाघाटीसाठी ट्रेल कॅमेरा लावताना

शिराळा तालुक्यात वारणेच्या अंगाला आमचं शेत आहे. वरच्या बाजूला ओढा, ओढ्याला लागून करंज आणि निरगुडीची झाडी, आणि तिथून खाली नदीपर्यंत नुसता ऊस. ओढ्याकडेच्या बांधावर ओल असली की सकाळी मांजराचे ठसे दिसतात. दहा रुपयांच्या नाण्याएवढे, चार बोटं, नखं उमटलेली नाहीत, मधल्या गादीची मागची कड तीन ठिकाणी फुगलेली. गावातल्या मांजराचा ठसाही असाच असतो, नुसत्या ठशावरून दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. पण वस्ती इथून दीड किलोमीटरवर. पाळीव मांजर रोज रात्री एवढं लांब कशाला येईल? ही वाघाटी, म्हणजे छोटं ठिपक्यांचं रानमांजर, असणार असं वाटून मी तिथं ट्रेल कॅमेरा लावला, म्हणजे समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा.

दोन हंगाम गेले. कॅमेऱ्यात बिबट्या आला, कोल्हा आला, साळिंदर आलं, मुंगूस तर रोजचं. ठसे उमटवणारी काही आली नाही. सकाळी कॅमेऱ्यासमोर ताजा ठसा दिसायचा आणि कार्डवर त्या रात्रीचं एकही चित्र नसायचं. कराड, पाटण, वाळवा भागात कॅमेरे लावणारी मंडळी भेटली की हाच प्रश्न निघतो: ठसे आहेत, विष्ठा आहे, गड्यांनी डोळ्यांनी बघितली आहे, मग फोटो का नाही? बहुतेक जण नशिबावर सोडून देतात किंवा आणखी महाग कॅमेरा घेतात. माझं ठाम मत असं झालंय की दहापैकी आठ वेळा दोष कॅमेरा लावण्यात असतो. आपण कॅमेरा बिबट्याच्या मापानं लावतो आणि त्याच्याकडून सव्वा किलोच्या जनावराची अपेक्षा धरतो.

वाघाटीचं माप आधी डोक्यात पक्कं बसवायला हवं. आशियातली ही सगळ्यात लहान रानमांजराची जात. वजन साधारण एक ते दीड किलो, म्हणजे घरच्या मांजराच्या निम्म्याच्या आसपास. चालताना पाठ जमिनीपासून जेमतेम वीतभर. भारत, नेपाळ आणि श्रीलंका सोडून ती जगात कुठंच नाही. आणि गंमत अशी की ती दाट जंगलातच राहते असं मुळीच नाही. पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या फडात ती पिलं घालते, तोडीच्या वेळी टोळ्यांना तिची पिलं सापडतात. उंदीर मारणारी, शेतकऱ्याच्या फायद्याची, आणि तरी दिसत नाही.

ठसा आहे, फोटो नाही

सगळ्यात जास्त वेळ या एका अडचणीवर घालवला पाहिजे, कारण बाकीच्या बऱ्याच अडचणी हिच्याच पोटातल्या आहेत.

कॅमेरा जनावर बघून फोटो काढत नाही. त्याच्या पुढच्या बाजूला जो दुधी रंगाचा फुगीर तुकडा असतो, त्याच्यामागे उष्णता ओळखणारा सेन्सर असतो. तो दुधी तुकडा समोरची जागा पट्ट्यापट्ट्यांत वाटून घेतो. गरम वस्तू एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात सरकली की सेन्सरला बदल जाणवतो आणि कॅमेरा जागा होतो. म्हणून तीन गोष्टी लागतात: जनावर पट्ट्यात आलं पाहिजे, ते सरकलं पाहिजे, आणि त्याच्या अंगाची ऊब मागच्या जमिनीपेक्षा वेगळी असली पाहिजे. तिन्हींपैकी एक जरी चुकलं तरी कॅमेरा झोपलेलाच राहतो.

आता आपण काय करतो? झाडाला कमरेएवढ्या उंचीवर पट्टा आवळतो आणि कॅमेरा सरळ समोर बघत ठेवतो. बिबट्या चार मीटरवरून गेला तर तो बरोबर पट्ट्यात येतो. वाघाटी दोन मीटरवरून गेली तर सगळे पट्टे तिच्या पाठीवरून निघून जातात. बिबट्यासाठी गुडघ्याएवढी उंची पुरते, पण वाघाटीला तीही जास्तच होते.

हे मला बांधावरच्या शेजारच्या आबांनी सांगितलं. सेन्सर, पट्टे यातलं त्यांना काही माहीत नव्हतं. कॅमेऱ्यापाशी उकिडवे बसले, एक डोळा मिटून त्याच्या काचेच्या रेषेत बघितलं आणि म्हणाले, "गुरुजी, तुमचं यंत्र पार पल्याडच्या जांभळीच्या शेंड्याकडं बघतंय. ती तर भुईला चिकटून जाती. कशी गावायची?" त्या दिवशी कॅमेरा खाली आणला. आता माझा वाघाटीचा कॅमेरा जमिनीपासून वीस ते पंचवीस सेंटिमीटरवर असतो. बाभळीचा एक जाड खुंट ठोकायचा, त्याला कॅमेरा बांधायचा. मोठ्या झाडाच्या बुंध्याला एवढ्या खाली बांधला तर बुंध्याच्या उतारामुळे तो वर बघायला लागतो. मागे वरच्या अंगाला एक चपटी काडी खुपसली की तोंड खाली येतं. आबांसारखं उकिडवं बसून, जमल्यास पालथं पडून, कॅमेऱ्याच्या रेषेत बघावं. समोर दोन मीटरवर वीतभर उंचीची काठी उभी केली तर ती चित्राच्या मधोमध यायला हवी.

मग चाचणी. बहुतेक कॅमेऱ्यांत चाचणीची सोय असते, समोर हालचाल झाली की लाल दिवा लुकलुकतो. आपण समोरून चालत जातो, दिवा लागतो, आपण खूश होऊन घरी येतो. सत्तर किलोचा माणूस चालला म्हणून दिवा लागला, त्यातून वाघाटीबद्दल काहीच कळत नाही. मी असं करतो: अर्ध्या लिटरच्या बाटलीत कोमट पाणी भरतो, बाटलीवर लोकरीचा जुना मोजा चढवतो, दोरी बांधतो आणि लांब काठीच्या टोकाला अडकवून वीतभर उंचीवरून आडवी फिरवतो. मी स्वतः कॅमेऱ्याच्या मागे बसलेला असतो. पाणी उकळतं घेऊ नये. केसाळ जनावराच्या अंगाबाहेरची ऊब हवेपेक्षा थोडीशीच जास्त असते, केस ऊब आत कोंडून धरतात. पाण्यात बोट घातल्यावर चटका बसला तर पाणी निवू द्यावं. या बाटलीनं दिवा लागला तर वाघाटीनंही लागेल. पहिल्या दिवशी माझा दिवा एक मीटरवर लागला, दीड मीटरवर लागला, आणि दोन मीटरनंतर गप्प. संवेदनशीलता सगळ्यात वर नेली तेव्हा अडीच मीटरपर्यंत पोचला. म्हणजे माझ्या कॅमेऱ्याचा वाघाटीसाठीचा खरा पल्ला अडीच मीटर. खोक्यावर वीस मीटर छापलेलं आहे, ते माणसासारख्या किंवा हरणासारख्या मोठ्या अंगासाठी.

पल्ला अडीच मीटरचा म्हटल्यावर जागा निवडण्याची रीत बदलते. मोकळा बांध उपयोगाचा नाही, तिथं ती तीन मीटरवरूनही जाऊ शकते. जिथं वाट आपोआप आवळते अशी जागा हवी. आमच्याकडं पाणंदीखालून ओढ्याचं पाणी काढायला सिमेंटच्या नळ्यांची मोरी टाकली आहे. पाऊस सरला की नळ्या कोरड्या पडतात, आणि सगळी लहान जनावरं रस्त्यावर न चढता नळीतून जातात. तीच जागा शेवटी कामाला आली. मोरी नसेल तर घायपाताच्या कुंपणातली फट, आडवं पडलेलं झाड, दोन फडांमधली अरुंद सरी, तालीला पडलेलं खिंडार. काहीच नसलं तर बोराटीच्या काट्या दोन्ही बाजूंनी टाकून वाट हातभर करावी. जनावराला अडवायचं नाही, वळवायचं आहे.

कॅमेरा वाटेच्या तोंडावर ठेवू नये. समोरून सरळ चालत येणारं जनावर बराच वेळ एकाच पट्ट्यात राहतं, सेन्सरला बदल जाणवतो तोवर ते कॅमेऱ्याखाली पोचलेलं असतं. वाट कॅमेऱ्यासमोरून आडवी, किंवा थोडी तिरपी गेली पाहिजे. मोरीच्या तोंडापासून दीड मीटर बाजूला, तिरपा, ही माझी पक्की झालेली जागा.

दगडाबद्दलही सांगायला हवं, कारण आपल्या भागात ते टळत नाही. काळा कातळ दिवसभर तापतो आणि रात्री नऊ-दहापर्यंत ऊब सोडत राहतो. जनावरामागची पार्श्वभूमी दगडी तालीची असली तर संध्याकाळच्या पहिल्या प्रहरात जनावराची ऊब आणि दगडाची ऊब जवळपास एक होते, आणि नेमकी तीच वाघाटीची बाहेर पडायची वेळ. मार्च ते मे हा त्रास जास्त. म्हणून समोर माती, पाचट किंवा हिरवी झाडी असेल असं बघावं. उलट बाजूनं, हिवाळ्यात पहाटे दव पडतं, उसातून आलेलं मांजर भिजलेलं असतं आणि ओले केस गार असतात. तेव्हाही पल्ला कमी होतो. त्यावर उपाय एकच, कॅमेरा आणखी अर्धा मीटर जवळ घेणं.

आणि एक चूक, जी मी दोन ठिकाणी पाहिली. चोरी आणि पाऊस टाळायला लोक कॅमेरा लोखंडी पेटीत घालून पुढे काच बसवतात. काचेतून आपल्याला दिसतं, फोटोही निघतो, पण अंगाची ऊब साध्या काचेतून पार होत नाही. सेन्सर आंधळा होतो. पेटी करायची तर सेन्सरपुढे भोक उघडंच ठेवावं. पारदर्शक प्लास्टिकची पिशवी गुंडाळली तर वेगळाच घोटाळा: रात्रीच्या दिव्याचा उजेड पिशवीवरून उलटून सगळं चित्र दुधासारखं होतं.

शेकड्यानं रिकामे फोटो

याचं निदान फोटोकडे बघून होत नाही, वेळांकडे बघून होतं. कार्डवरच्या फोटोंच्या वेळा वहीत उतरवा. सकाळी अकरा ते चार यांच्यात गर्दी असेल तर ते ऊन आणि वारा यांचं काम. उसाची पानं तापतात, हलतात, सेन्सरला जनावर वाटतं. समोरचं दोन मीटरमधलं गवत आणि लोंबणारी पानं विळ्यानं काढून टाकली की निम्म्याहून जास्त त्रास जातो. कॅमेऱ्याचं तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला ठेवू नये, सकाळ-संध्याकाळचं आडवं ऊन सरळ आत जातं. उत्तरेला ठेवावं. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात आपल्याकडं शून्य सावलीचा दिवस येतो आणि तिथून ऑगस्ट लागेपर्यंत दुपारचा सूर्य थोडा उत्तरेला असतो, पण तो इतका डोक्यावर असतो की कॅमेऱ्याला बाधत नाही.

पण रात्री एक वाजून सात मिनिटांनी एकच रिकामा फोटो, पुन्हा तीन वाजून चाळीस मिनिटांनी एकच, अशा वेळा असतील तर थांबा आणि नीट बघा. वारा रात्री असा एकेकदा येऊन जात नाही. तो रिकामा फोटो म्हणजे जनावर येऊन गेल्याची खूण आहे. सेन्सरनं ओळखलं, पण कॅमेरा जागा होऊन फोटो काढेपर्यंत ते चौकटीबाहेर गेलं. साध्या कॅमेऱ्याला एवढ्याला पाऊण ते एक सेकंद लागतो, आणि मोरीतून बाहेर पडलेलं मांजर तेवढ्यात दोन हात पुढे जातं. अशा वेळी कॅमेरा महाग घेण्याआधी जागेशी खेळून बघावं. वाटेत मनगटाएवढं आडवं लाकूड टाकलं की जनावर क्षणभर अडखळतं, हुंगतं. एका वेळी तीन फोटो लागोपाठ निघतील अशी मांडणी ठेवावी. व्हिडिओचा मोह पहिले काही आठवडे टाळावा, बऱ्याच कॅमेऱ्यांत व्हिडिओ सुरू व्हायला फोटोपेक्षा जास्त वेळ लागतो आणि हाती फक्त शेपूट येतं.

रात्रीचे रिकामे फोटो मी पहिल्या हंगामात पुसून टाकले होते. त्यातले किती वाघाटीचे होते कोण जाणे. आता एकही पुसत नाही.

पांढरं भूत

जवळ आणलं की लगेच हा त्रास सुरू होतो. रात्रीचा इन्फ्रारेड दिवा दहा-पंधरा मीटर उजळायला बनवलेला असतो, दीड मीटरवरच्या मांजराला तो पार जाळून टाकतो. चित्रात मांजराच्या आकाराचा पांढरा डाग दिसतो, अंगावरचं काही दिसत नाही. दिव्याची ताकद कमी करायची सोय असेल तर कमी करा. नसेल तर औषधाच्या दुकानात जखमेवर लावायची कागदी पांढरी पट्टी मिळते, तिचे दोन थर दिव्यांवर चिकटवा. भिंग आणि सेन्सर उघडे राहिले पाहिजेत. एक थर, दोन थर, तीन थर असं रात्री त्या मोजा चढवलेल्या बाटलीवरच करून बघता येतं: मोज्याची वीण दिसायला लागली की ठिपकेही दिसतील.

फार जवळही जाऊ नये. या कॅमेऱ्यांचा फोकस पक्का बसवलेला असतो, बहुतेकांत सव्वा-दीड मीटरच्या आत सगळं धूसर येतं. म्हणजे उष्णता ओळखायचा पल्ला अडीच मीटर आणि स्पष्ट दिसायची सुरुवात दीड मीटर. तुमचं मांजर या एका मीटरच्या पट्टीतून गेलं पाहिजे. हे एकदा मनात ठसलं की जागा शोधताना डोळे आपोआप तेच शोधायला लागतात.

दिव्याचे दोन प्रकार येतात. ८५० नॅनोमीटरचा लांब जातो पण लालसर मिणमिणता दिसतो, ९४० नॅनोमीटरचा दिसत नाही पण उजेड कमी पडतो. एवढ्या जवळच्या कामाला दुसरा बरा. रात्री शेतात पाणी पाजायला जाणाऱ्यांच्याही तो डोळ्यांत येत नाही.

दिवसा चालतो, रात्री बंद

घड्याळाकडे न बघता सांगतो, बॅटरी. दिवसा फोटो काढायला थोडी वीज पुरते. रात्री दिवा पेटला की एकदम जास्त खेच बसते, अर्ध्या वापरलेल्या अल्कलाइन सेलचा दाब त्या क्षणी कोसळतो आणि कॅमेरा बंद पडतो. सकाळी पुन्हा चालू असतो, म्हणून आपल्याला वाटतं रात्री काही आलंच नाही. बॅटरीचं चिन्ह निम्मं दाखवत असलं तरी विश्वास ठेवू नका. चार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइड सेल सव्वा व्होल्टच्या आसपासच असतात, पण तो दाब शेवटपर्यंत टिकवतात. लिथियमचे एकदा वापरायचे सेल सगळ्यात चांगले आणि सगळ्यात महाग. नवे-जुने किंवा दोन जातींचे सेल एकत्र घालू नयेत. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावं, आणि जुन्या कॅमेऱ्याला ३२ जीबीपेक्षा मोठं कार्ड बहुधा चालत नाही.

सेल बदलताना काही कॅमेऱ्यांचं घड्याळ मूळ पदावर जातं. त्यासाठी शाळेतली पाटी नेतो. कॅमेरा सुरू केला की पाटीवर जागा, तारीख आणि मोबाइलमधली वेळ खडूनं लिहून पहिला फोटो पाटीचा, काढतानाही शेवटचा फोटो पाटीचा. घड्याळ कितीही चुकलेलं असलं तरी मग दुरुस्त करता येतं. माझ्या एका कॅमेऱ्यात दुपार आणि रात्र उलटी लागली होती, महिनाभर साळिंदर भर दुपारी फिरत होतं.

पावसाळा

जून ते सप्टेंबर शिराळ्याच्या पश्चिमेला, पाटणला, जावळीत कॅमेरा ठेवायचा असेल तर तो पाण्यापेक्षा दमटपणानं मरतो. रबरी पट्टी पुसून घ्यावी, तिच्यात अडकलेला मातीचा एक कण पाणी आत घ्यायला पुरतो. आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि आठवड्याला बदलाव्यात, जुन्या तव्यावर मंद आचेवर कोरड्या करून परत वापरता येतात. मुंग्या सेलच्या खणात अंडी घालतात, त्यासाठी खुंटाला खाली ग्रीसचा पट्टा ओढतो. कोळी भिंगासमोर जाळं विणतो आणि रात्रीच्या उजेडात एकच धागा सगळं चित्र अडवतो. दर फेरीला रंगाच्या ब्रशनं झाडायचं, दुसरा इलाज नाही. मोरीत या दिवसांत कॅमेरा ठेवूच नये, जोराच्या एका पावसात ओढा नळ्या भरून वाहतो.

आली ती वाघाटीच का

जानेवारीत, तिसऱ्या हंगामात, मोरीसमोरच्या कॅमेऱ्यात पहाटे तीन वाजून बारा मिनिटांनी तीन फोटो आले. पहिल्यात नळीच्या अंधारातून दोन डोळे. दुसऱ्यात ती पूर्ण बाहेर, आडव्या लाकडावर पुढचा एक पाय, तोंडात उंदीर, त्याची शेपटी खाली लोंबतेय. तिसऱ्यात तिनं मान कॅमेऱ्याकडे वळवलेली, आणि कपाळावरून मागे जाणाऱ्या गडद रेघा, डोळ्यांच्या आतल्या बाजूनं वर जाणारे दोन पांढरे पट्टे इतके स्पष्ट की मी लॅपटॉपसमोरून उठून दारात जाऊन उभा राहिलो. अडीच वर्षं ज्या ठशांवरून पाय उचलून चालत होतो, त्यांचं तोंड पहिल्यांदा बघितलं.

तरी खात्री करूनच वाघाटी म्हटलं. रात्रीचा फोटो काळा-पांढरा असतो, तांबूस ठिपक्यांचा रंग त्यात दिसत नाही. मग बघायचं शेपूट. वाघाटीचं शेपूट अंगाच्या मानानं आखूड, आणि त्यावर ठळक वलयं नसतात. घरच्या पट्टेदार मांजराचं लांब असतं आणि बहुधा वलयांचं. बाऊल म्हणजे मोठं रानमांजर, ते उंच पायांचं, अंगावर ठिपके नाहीत, कानांच्या टोकाला काळे केस, शेपटीच्या टोकाकडे काळी वलयं. उसात तेही भरपूर. घाटाच्या ओल्या रानात बिबटमांजर असतं, त्याच्या अंगावरचे ठिपके मोठे आणि गडद, शेपटीवरही ठिपके, आकार घरच्या मांजराएवढा. आपल्या गावांत ठिपक्याच्या कुठल्याही मांजराला वाघाटी म्हणायची सवय आहे, त्यामुळं नुसत्या सांगण्यावर जाऊ नये. उदमांजर आणि जवादी मांजर ही नावातच मांजरं. तोंड लांबट आणि टोकदार दिसलं की ती वेगळी काढावीत.

आकाराचा घोळ मिटवायला सोपी युक्ती आहे. फोटो मिळाला की त्याच जागी, कॅमेरा न हलवता, पाच-पाच सेंटिमीटरवर खुणा केलेली काठी उभी करून फोटो काढायचा. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली की पाठीची उंची मोजता येते. माझी एकवीस सेंटिमीटर भरली.

माणसं, परवानगी आणि पिलं

चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि कोयना अभयारण्य मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याच्या हद्दीत, सागरेश्वर अभयारण्यात, किंवा कुठल्याही वनखात्याच्या जमिनीवर परवानगीशिवाय कॅमेरा लावायचा नाही. खासगी शेतातही मालकाला विचारूनच. पाणंदीवर लावताना मी आणखी एक पाळतो: बायका पहाटे ज्या वाटेनं जातात तिथं कॅमेरा नाही, आणि जिथं आहे तिथं गावात सांगून, खुंटाला चिठ्ठी बांधून. माणसाचा फोटो आला तर तो पुसतो, कोणाला दाखवत नाही. असं वागलं तर चोरीही होत नाही; माझा कॅमेरा एकदा खाली पडला होता तो वाडं गोळा करायला आलेल्या एका मावशींनी घरी आणून दिला.

सुकट, कोंबडीचं मांस, माशाचं तेल टाकून बोलावू नये. त्यानं कुत्री येतात, आणि कुत्र्यांनी एकदा ती वाट धरली की वाघाटी ती सोडते. फोटो मिळाल्यावर जागेचं नाव आणि खुणा जाहीर करू नयेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत ती आहे, तरी फासे लावणारे आपल्याच भागात आहेत.

तोडीच्या दिवसांत मात्र हाच कॅमेरा फार मोलाचा ठरतो. फडात ठिपक्याठिपक्यांची पिलं सापडली की पहिली आरोळी उठते ती बिबट्याचे बछडे म्हणून, आणि गाव काठ्या घेऊन जमतं. मुठीत मावेल एवढं पिलू, सोबत फार तर दोन-तीन, तर ती बहुधा वाघाटीची असतात. घरी न्यायची नाहीत, गाईचं दूध पाजायचं नाही. १९२६ या नंबरावर वनखात्याला कळवायचं. पिलं सापडली त्याच जागी, तोड तेवढ्यापुरती थांबवून, संध्याकाळी भाजीच्या क्रेटमध्ये थोडं पाचट पसरून ठेवतात. क्रेटची कड पिलं न्यायला येणाऱ्या आईला सहज ओलांडता येईल एवढी बुटकी असावी, किंवा क्रेट थोडं कलतं ठेवावं. कॅमेरा वनखात्याच्या माणसांच्या हातानं, दोन मीटरवर, वीतभर उंचीवर, दिव्यांवर पट्टीचे दोन थर लावून. मग सगळ्यांनी तिथून जायचं, बॅटरी मारून बघायला परत यायचं नाही.

गेल्या फेब्रुवारीत आबांच्या खोडव्यात दोन पिलं सापडली. टोळीच्या मुकादमानं आठ सऱ्या तशाच उभ्या ठेवल्या. रात्री अकरा वाजून वीस मिनिटांनी ती आली, क्रेटला एक फेरी मारली, पहिलं पिलू मानेला धरून नेलं. दुसऱ्यासाठी पावणेएकला परत आली. दोन्ही वेळा तिन्ही फोटोंत ती पूर्ण चौकटीत आहे.